भाग एकेचाळीस

आमचा स्टुडिओ म्हणजे तारामुंबरीच्या बंदरावरची
कोयंड्यांची जाळ्यांची खोली.
तिन्ही भिंतींना नायलॉनचे ढीग, छतापर्यंत.
आत गेलेला आवाज परत येत नाही.
पुण्यातला एक जण एवढ्यासाठी लाख रुपये सांगत होता.
इथे फक्त वास येतो,
आणि वास रेकॉर्ड होत नाही.

दर शुक्रवारी, भरती टाळून
कारण भरतीला होड्या सुटतात नि इंजिनं बोलतात,
मी इथून आणि इर्शाद सोलकर रत्नागिरीहून
एडिटर, कंपायलर, डीबगर यांच्यावरून
तासभर भांडतो.
ऐकणारे तीनशे बारा.
त्यातले दोन माझे चुलतभाऊ,
कंपायलर म्हणजे मासळीचा कुणी दलाल असावा
असं त्यांना बरेच दिवस वाटत होतं.

आणि हे सगळं ज्या प्रोग्रॅमवर रेकॉर्ड होतं
तो प्रोग्रॅम!
आधी हेडफोन लावायचे, मग तो उघडायचा.
उलट केलं तर माईकशी ओळख दाखवत नाही,
लग्नात मान न मिळालेल्या मेहुण्यासारखा.
खिडकी मोठी करायची नाही.
केलीच तर आवाजाची पट्टी गायब होते,
मग खिडकी डाव्या कोपऱ्यात नेऊन सोडायची,
तिथून पट्टी येते सावकाश,
कुर्लीसारखी आडवी.
'जतन करा' दोनदा दाबायचं.
पहिलं त्याला ऐकू जात नाही.
हे कुठे लिहिलेलं नाही.
चार भाग बुडाले तेव्हा समजलं.

गेल्या वर्षी कंपनीला रीतसर गाऱ्हाणं घातलं:
आवृत्ती अमुक, पायऱ्या तमुक, सोबत चित्र.
पलीकडे 'व्हय म्हाराजा' म्हणायलाही कुणी नव्हतं.
सात महिन्यांनी उत्तर आलं,
आमच्या मशीनवर असं होत नाही.
इर्शाद म्हणाला, फ्रेम करून लाव.
नोकरीत मी स्वतः हे वाक्य
किती जणांना लिहिलंय
ते त्याला सांगितलं नाही.

भाग एकेचाळीस. विषय, चूक शोधायची कशी.
इर्शाद रंगात होता.
म्हणाला, चूक दिसते तिथे नसते,
ती कुठेतरी वर, दोन-तीन ओळी आधी,
साळसूद चेहऱ्यानं...
आणि सदतिसाव्या मिनिटाला चाक फिरायला लागलं.
खिडकी धुरकट. मग पाटी:
प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही. वाट पाहायची का?
पाहिली. दुसरं काय करणार.
मग 'थांबवा' दाबलं,
थांबलं म्हणाला,
आणि मी रेंजसाठी मोरीवर गेले,
इर्शादबरोबर फोनवर मनसोक्त शिव्या घालायला.

परत आले तर कोयंडेकाका दारात,
दातांत निळा धागा.
"गो बाय, ह्येचो लाल दिवो
अजून पेटलेलो आसा."

सदतीस मिनिटं गिळली होती त्यानं.
पुढची अकरा ठेवली होती,
स्वच्छ, अख्खी:
धागा ओढल्याची करकर.
काका आस मोजतायत,
सत्तावीसला चुकतात,
"शिरा पडो" म्हणतात, उसवतात,
पुन्हा एकपासून.
पुन्हा चुकतात. या वेळी एकोणीसला.
या वेळी काही म्हणत नाहीत.
मध्येच, बहुधा लॅपटॉपकडे बघून,
"काय रे, तू पण अडाकलंस?"
बराच वेळ काही नाही.
मग स्टूल सरकवल्याचा आवाज,
जवळ, माईकच्या अगदी जवळ,
आणि मोजणी पुन्हा सुरू.

इर्शादला तसंच पाठवलं.
रात्री साडेअकराला त्याचा निरोप:
काही कापू नकोस. हाच भाग.
फक्त 'शिरा पडो' जरा हळू ऐकू येतंय,
तिथे आवाज वाढव.

वाढवायला गेले,
तर पट्टी गायब.